हं म्हणायला कुणीतरी पाहिजे

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. रानातून येताना पायजम्याला कुसळं लागतात, तसे ते लागत जातात. घरी येऊन बघावं तर ही एवढी! माझ्या पायजम्याला तर आता जागाच राहिली नाही, कारण मी जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत शेतकऱ्यांचे फोन घेतो. दारावर पाटी आहे, "शेतकरी मदत कक्ष". आत पूर्वी तीन खुर्च्या होत्या. एक माझी, एक सय्यदभाईंची आणि खिडकीजवळची नंदाताईंची. आता सय्यदभाई गोडाऊनला गेलेत, नंदाताई रिटायर होऊन पुण्याला गेल्यात, आणि बहुतेक फोन एआय घेतं. मी उरलोय ते मशीनला न जमलेले फोन घ्यायला.

कुठलाही किस्सा सुरू केला तरी तो फिरून नंदाताईंवरच येतो, त्याला माझा इलाज नाही. मला त्यांची फार आठवण येते. हे एकदाचं सांगून टाकलं, म्हणजे आता हसायला मोकळे!

*

आमच्याकडं एक माणूस बोलायला लागला की दुसऱ्यानं "हं" म्हणायचं असतं. हे कुणी शिकवत नाही, पण हं थांबलं की बोलणाराही थांबतो आणि विचारतो, "झोपला का काय?" त्यात शेतकऱ्याचा फोन म्हणजे आधी घरचं, मंग शेतातलं. घरचं मधीच तोडलं तर तो शेतातलं सांगतच नाही.

एकदा कुंभार पिंपळगावहून एका काकांचा फोन आल्ता. कपाशी पिवळी पडली होती, पण सुरुवात जावयापासून! जावई रुसून गेल्ता. त्याला मोटारसायकल धुवायला सांगितली, तेवढ्यावरून. नंदाताई हं, हं करून राह्यल्या. मंग काका कपाशीवर आले.

"पाणी तर लई साचलंय वावरात."

"हं."

"म्हंजे पाण्यानंच पिवळी पडली असंल."

"हं."

"चर काढून देतो मंग पाणी बाहेर. आन् जावयाला बी मीच जाऊन आणतो. मोठं आपणच व्हावं माणसानं."

"हं."

"लई बराबर सल्ला दिला ताई तुम्ही! असं समजून सांगणारं कुणी न्हाई राह्यलं बघा." आणि फोन ठेवला.

नंदाताईंनी हेडफोन काढला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "संतोष, म्या काय सांगितलं रे त्याला?"

*

आमचे मॅनेजर सोनवणे साहेब हैदराबादला कसल्याशा कॉन्फरन्सला गेल्ते. जाताना चांगले होते. आले ते एआय घेऊनच आले! "जो वापरणार नाही, तो मागं पडणार," असं त्यांनी चहाच्या टपरीवरच्या माणसालासुद्धा सांगितलं. मंग फर्मान निघालं की इथून पुढं ऑफिसातला प्रत्येक अर्ज, प्रत्येक ईमेल एआयकडूनच लिहून घ्यायचा.

पहिला अर्ज सय्यदभाईंचा. त्यांच्या मामाच्या मुलीचं लग्न होतं, चार दिवसांची सुट्टी पाहिजे होती. एवढंच त्यांनी मशीनला सांगितलं, आणि वर म्हणाले, "जरा दिल को लगनेवाला लिख!" मशीननं लिहिलं की कुटुंबातील एका अत्यंत भावनिक आणि आयुष्य बदलून टाकणाऱ्या प्रसंगात आप्तांच्या पाठीशी उभं राहणं हे माझं कर्तव्य आहे. लग्न हा शब्दच गाळला!

साहेब अर्ज वाचून स्वतः उठून आले. सय्यदभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "कोण होतं?"

"मामू की लड़की, साहब."

"अरेरे! वय काय?"

"चोवीस."

"कसं काय झालं हो अचानक?"

"अब क्या बोलें साहब," सय्यदभाई लाजत म्हणाले, "लड़का देखने आया, और वहीं पक्का हो गया!"

*

साहेबांचं दुसरं. भोकरदनला विक्रेत्यांचा मेळावा होता. भाषण अर्थातच एआयचं. साहेबांनी ते गाडीत उघडलंसुद्धा नाही, सरळ माईकवर गेले आणि दणक्यात वाचायला सुरुवात केली, "गोदामाईच्या कुशीत वसलेल्या माझ्या भोकरदनकरांनो!"

आता गोदावरी कुठं, भोकरदन कुठं! गोदावरी तिकडं शहागडला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. भोकरदनची नदी केळना, आणि ती बिचारी उन्हाळ्यात दिसतही नाही. मांडवातले लोक एकमेकांकडं बघायला लागले. मी आणि नंदाताई शेवटच्या रांगेत बसल्तो. मी खाली बघायला लागलो. साहेबांना कळलं काहीतरी चुकलंय, पण काय ते कळेना.

तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक म्हातारे विक्रेते उठले, हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, आणलीच हाय तर आता राहू द्या इथंच!"

टाळ्या थांबता थांबेनात. साहेबांना वाटलं भाषण गाजलं. नंदाताई मात्र परत येताना गाडीत म्हणाल्या, "खरंच राह्यली असती तर काय बहार झाली असती रे." त्यांचं माहेर त्याच भागातलं.

*

मंग फोनवर बोलणारं मशीन आलं. पहिलं जे आलं त्याचा आवाज एखाद्या बातम्या देणाऱ्या बाईसारखा. "नमस्कार, मी आपली काय साहाय्यता करू शकते?" आणि एवढं विचारून बाई एकदम चूप! समोरचा बोलून राह्यलाय तर हं नाही, का हूं नाही. मशीन ऐकत असायचं बराबर, पण शेतकऱ्याला वाटायचं लाइन कटली.

भोकरदनकडच्याच एका गड्यानं फोन केला. मशीन चूप बसलं, म्हणून तो रेंज शोधत बांधावर गेला. तिथंही चूप. मंग तो विहिरीच्या कठड्यावर चढला. तिथंही तेच. शेवटी गडी चढला चिंचेच्या झाडावर! आणि झाडावरूनच त्यानं कंपनीच्या दुसऱ्या नंबरवर, म्हणजे माझ्याकडं फोन लावला. लई तापल्ता.

"तुमची ती बाई काहून बोलत न्हाई हो? मी झाडावर बसून राह्यलोय!"

मी म्हटलं, "दादा, तिला ऐकू येतंय, तुम्ही आधी खाली उतरा."

"तेच तर! चढताना चढलो, आता उतरता येईना. तिला इचारलं उतरू कसा, तर तेवढ्याला बरी बोलली! म्हणे, आपला प्रश्न बियाण्याशी संबंधित नाही!"

*

हा किस्सा पुण्याला, जिथं मशीन बनलं तिथपर्यंत गेला. तिथून ऋचा मॅडम आल्या, मशीनच्या इंजिनिअर. हुशार आणि हसऱ्या. त्यांनी दिवसभर आमच्या खोलीत बसून फोन ऐकले आणि साहेबांना म्हणाल्या, "मशीनला हं म्हणता आलं पाहिजे. आणि आवाज नंदाताईंचाच पाहिजे." नंदाताईंना विचारलं तर म्हणाल्या, "घ्या की. माझा आवाज घेऊन काय माझा कमी होणार हाय?"

मीटिंग रूमच्या दारं-खिडक्यांना घोंगड्या लावल्या, माईक ठेवला. नंदाताई समोर बसल्या आणि त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना. भिंतीशी बोलायची सवय कुणाला असते? "हं म्हणायला कुणीतरी बसवा," म्हणाल्या. मला बसवलं. त्यांनी वाक्य म्हटलं की मी आपला सवयीनं, "हं!" की रेकॉर्डिंग खराब! शेवटी मॅडमनी मला तोंडावर रुमाल धरून नुसती मान हलवायला लावली.

मंग हं घ्यायची वेळ आली. नंदाताईंनी विचारलं, "कोणतं देऊ? 'पुढं बोल'चं, 'पटलं न्हाई पण बोल'चं, का 'लई वाईट झालं'चं?"

"तिन्ही द्या," मॅडम हसून म्हणाल्या.

पहिली दोन झटक्यात झाली. तिसरं काही केल्या जमेना. नंदाताई वैतागल्या. "खोट्या दुःखावर हं येत न्हाई. संतोष, काही खरं सांग."

काय सांगावं? माझ्या तोंडून एकदम थोरल्या भावाचं निघून गेलं. आमचं दोघांचं वावर एकाच बांधाला लागून. त्याच्या माझ्यात बोलणं नाही. भांडण काय होतं तेही आता नीट आठवत नाही. रविवारी मी गावी जातो, तो बांधाच्या त्या बाजूला, मी या बाजूला. दोघंही खाली मान घालून काम करतो. त्याचा खोकला ऐकू येतो. औषध घेतो का, एवढं विचारायला जीव तुटतो, पण तोंड उघडत नाही.

नंदाताई म्हणाल्या, "हं."

ऋचा मॅडमनी माईक बंद केला. तेच हं आता मशीनमध्ये आहे. कुणाचा बैल गेला, कुणाचं पीक गेलं की वाजतं. मला ऐकू आलं की मी अजून खिडकीजवळच्या खुर्चीकडं बघतो.

*

नवं मशीन लागलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. आणि त्याच सुमारास नंदाताई रिटायर झाल्या. मिस्टर आधीच गेलेले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मुलगा म्हणाला, एकटी राहू नको. पुण्याला घेऊन गेला, नवव्या मजल्यावर. मुलगा गुणी आहे, त्याला बोल लावायला जागा नाही.

सुरुवातीला त्यांचा फोन यायचा. माझ्या कानात हेडफोन, मी कुणाच्या तरी बोंडअळीत अडकलेलो! संध्याकाळी मी फोन करायचो तेव्हा त्यांच्याकडं सगळे घरी, त्या बारीक आवाजात बोलायच्या.

"कसं वाटतं ताई तिकडं?"

"सगळं चांगलं हाय रे. सून बिलकुल काम करू देत न्हाई. नातू गोड हाय. पण बोलायचं म्हटलं की पंचाईत होते. सून ऐकते, पण नुसती मान हलवते. पोरगा तर म्हणतो, आई, पॉइंटवर ये!"

मी हसलो. त्याही हसल्या.

"आता मला सांग संतोष," त्या म्हणाल्या, "पॉइंट असता तर म्या बोलले असते का? मला नुसतं बोलायचं असतं. तिकडचं काही ऐकलं तर जेवण गोड लागतं. बाकी मला काही नको."

हळूहळू त्यांचे फोन कमी झाले, मंग बंदच झाले. मला वाटलं, रुळल्या असतील. बरं वाटायला पाहिजे होतं, पण काही बरं वाटलं नाही.

*

नंदाताई पुण्याला गेल्या, पण "ताई" जिल्हाभर बोलतच होती! एक दिवस अंबडकडचे एक पाहुणे ऑफिसात आले. डोक्याला फेटा, हातात मोसंबीची पिशवी, लग्नाची पत्रिका आणि हळदीकुंकवाची पुडी. "मुलीचं लग्न हाय. ताईला आवतन द्यायचंय."

मी म्हटलं, "काका, नंदाताई रिटायर झाल्या. पुण्याला असतात."

"काहून लबाड बोलता? आज सकाळीच बोललो मी तिच्याशी!"

आता मशीन म्हणून समजून सांगावं कसं? मी फोन स्पीकरवर लावला. "नमस्कार, मी ताई बोलते. बोला, काय अडचण हाय?"

"ही काय!" काका माझ्यावर डोळे वटारून म्हणाले. मंग फोनकडं वळले. "ताई, अडचण काही न्हाई. मुलीचं जमलं."

"हं," मशीन म्हणालं.

"तुम्ही सांगितलं तसंच केलं. लग्नाला यायचं बरं का, सगळ्यांनी."

"हं. आपलं समाधान झालं का?"

"लई झालं!" म्हणत काकांनी डोळे पुसले. फोनवर आवतन झालं, पण हळदीकुंकू लावायचं कुणाला? त्यांनी इकडंतिकडं बघितलं, आणि काही कळायच्या आत खिडकीजवळच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनला हळदीची नि कुंकवाची दोन बोटं ओढली, वर अक्षता टाकल्या आणि मोसंबी पुढं ठेवली.

दुपारी सोनवणे साहेब राउंडला आले. स्क्रीन बघून थबकले. मला वाटलं आता शिव्या बसणार. साहेबांनी बूट काढले, हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "अपडेट आलंय का?"

*

आणि आता शेवटचा.

ऋचा मॅडमचा पुण्याहून फोन आला. "संतोषदादा, एक विचित्र फॉल्ट आलाय. मशीन स्वतःशीच बोलायला लागलंय!"

"म्हणजे?"

"एका नंबरवरून रोज दुपारी कॉल येतो. बराच वेळ चालतो. बियाण्याचा एकही प्रश्न नाही. आणि दोन्ही बाजूंनी एकच आवाज. आमच्या टीमला वाटतंय इको आहे. मी नंबर ब्लॉक करायला सांगते, तुम्ही फक्त एकदा ऐकून हो म्हणा."

त्यांनी रेकॉर्डिंग पाठवलं. मी हेडफोन घातला.

"नमस्कार, मी ताई बोलते. बोला, काय अडचण हाय?"

"अडचण काही न्हाई गं. दुपारचं घरात कुणी नसतं."

"हं."

"नातू क्लासला गेला. सून कामावर."

"हं. आपलं पीक कोणतं?"

"मिरची."

"किती एकर?"

"एकर कुठला गं बाई! कुंडी हाय एक, गॅलरीत."

"हं. पानं गोळा होतात का?"

"व्हतात थोडी. वर वारं लई लागतं ना." मंग जरा थांबून, "तिकडं पाऊस झाला का?"

"जालना जिल्ह्यात आज बहुतेक ठिकाणी पाऊस झाला."

"झाला का! बरं झालं बाई. कपाशीला पाहिजेच व्हता." आणि पुन्हा थोडं थांबून, "मला येऊ वाटतं गं तिकडं."

"हं."

मला पुढं ऐकवेना. मी मॅडमना फोन लावला. म्हटलं, "हा फॉल्ट न्हाई. या नंदाताई आहेत. ब्लॉक बिलकुल करू नका."

मॅडम म्हणाल्या, "मग काय करू दादा?"

"तेवढा एक नंबर सरळ माझ्याकडं वळवा."

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून खुशीत! म्हटलं, मी इथं जिताजागता बसलोय आणि ताईंनी मशीनशी बोलावं? मी साहेबांना सांगून दुपारचे बाकीचे फोन बंद ठेवले. काय काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं. चहा मागवला. बरोबर दुपारी फोन वाजला.

"ताई! मी संतोष!"

पलीकडून एकदम, "अगं बाई, संतोष! तू कसा काय उचलला?"

"आता रोज मीच उचलणार. मशीन-बिशीन काही न्हाई. तुम्ही बोला ताई, लागेल तेवढं बोला. मी हाय ना!"

"बरा हायेस ना तू?"

"बरा हाय."

"सय्यदभाई?"

"तेही बरे हायेत. तुमची आठवण काढतात."

"जेवलास?"

"जेवलो ताई."

"बरं," नंदाताई म्हणाल्या. "मंग दे आता तिला फोन."

"कुणाला ताई?"

"तिला रे! आमचं कालचं बोलणं अर्धं राह्यलंय."